मिश्रधातूंचे घनीभवन

मिश्रधातूंचे घनीभवन म्हणजे दोन किंवा अधिक मूलद्रव्यांचा वितळलेला एकजीव रस थंड होत असताना त्यात स्फटिक निर्माण होऊन, ते वाढून, अखेर संपूर्ण घन पदार्थ बनण्याची प्रक्रिया होय. स्फटिकांचा आकार, संख्या, दिशा आणि त्यांच्यातील घटकांची वाटणी याच प्रक्रियेत ठरते. या साऱ्यास मिळून धातूची सूक्ष्मसंरचना म्हणतात. ती साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. परंतु ओतीव वस्तूचे बळ, चिवटपणा व यंत्रावर कापले जाण्याची सुलभता या बाबी मोठ्या प्रमाणात तिच्यावर अवलंबून असतात. रासायनिक घटक तेच आणि तितकेच असूनही केवळ गोठण्याची रीत बदलल्यामुळे एक वस्तू हातोड्याच्या घावाने फुटते, तर दुसरी वाकते पण तुटत नाही. म्हणूनच धातूचे रासायनिक विश्लेषण त्याचे गुणधर्म सांगण्यास पुरेसे ठरत नाही. तो कसा गोठला हेही जाणून घ्यावे लागते.

महाराष्ट्र व त्यालगतच्या परिसरातील अनेक उद्योगांचा या प्रक्रियेशी नित्याचा संबंध येतो. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात तळोजा येथे ॲल्युमिनियमचे पत्रे तयार होतात, लगतच्या पेण तालुक्यात डोलवी येथे पोलाद तयार होते, तर कोल्हापूर व बेळगाव परिसरातील फाउंड्रींमध्ये बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सुटे भाग ओतले जातात. धातू वेगवेगळे असले तरी त्यांच्या स्फटिकवाढीचे नियम समान आहेत.

मूलतत्त्वे

शुद्ध धातू एका ठरावीक तापमानाला गोठतो. कथील २३२° से., शिसे ३२७° से., ॲल्युमिनियम ६६०° से. आणि तांबे १०८५° से. तापमानाला घनरूप होते. मिश्रधातू मात्र सामान्यतः तापमानाच्या एका पट्ट्यात हळूहळू गोठतो. प्रावस्था आलेखात या पट्ट्याची वरची मर्यादा द्रवरेषेने आणि खालची मर्यादा घनरेषेने दाखवतात. दोन्ही मर्यादांच्या दरम्यान घन स्फटिक आणि द्रव एकत्र नांदतात व धातू लगद्यासारखा असतो. सुमारे ६० टक्के शिसे व ४० टक्के कथील असलेला डाख सुमारे २३८° से. तापमानाला गोठू लागतो आणि १८३° से. तापमानाला पूर्ण गोठतो. या मधल्या अवस्थेत तो मऊ लगद्यासारखा राहत असल्यामुळे शिशाच्या नळांचे सांधे कापडाने पुसून आकारास आणण्यासाठी तो सोयीचा ठरत असे.

मिश्रधातूच्या गोठण्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की तयार होणाऱ्या स्फटिकाचे संघटन भोवतालच्या द्रवासारखे नसते. सरबत गोठवले असता पहिला बर्फ जवळजवळ बेचव असतो आणि उरलेले सरबत अधिक गोड होते. धातूच्या रसातही बहुधा असेच घडते. वाढणारा स्फटिक मिसळलेल्या मूलद्रव्याचा काही भागच स्वीकारतो व उरलेला द्रवात ढकलतो. घन व द्रव यांतील या मूलद्रव्याच्या प्रमाणांच्या गुणोत्तरास वाटणी गुणांक म्हणतात. पुढे वर्णिलेल्या बहुतेक रचनांचे मूळ या ढकललेल्या द्रव्यात आहे.

दुसरी गोष्ट अप्रकट उष्म्याची. १ किलोग्रॅम ॲल्युमिनियम गोठताना सुमारे ३९७ किलोजूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेने १ लिटर पाण्याचे तापमान सुमारे ९५ अंशांनी वाढू शकते. ही उष्णता साच्यातून ज्या वेगाने निघून जाते, साधारण त्याच वेगाने घनीभवन पुढे सरकते.

स्फटिककेंद्रांची निर्मिती

तापमान गोठणबिंदूखाली गेले म्हणजे स्फटिक लगेच निर्माण होतो असे नाही. द्रवातील काही अणू स्फटिकाच्या रचनेत एकत्र येतात तेव्हा घन आणि द्रव यांच्यामध्ये एक नवे पृष्ठ तयार होते, आणि ते तयार करण्यास ऊर्जा लागते. पुंजका फार लहान असेल तर पृष्ठऊर्जेचा हा खर्च त्यास परवडत नाही व तो पुन्हा विरघळतो. एका क्रांतिक आकारापेक्षा मोठा झालेला पुंजकाच टिकतो आणि वाढतो. अशा टिकलेल्या पुंजक्यास स्फटिककेंद्र म्हणतात. गोठणबिंदूखाली द्रवरूपात राहण्याच्या अवस्थेला अतिशीतन ही संज्ञा आहे. अतिशीतन जितके अधिक, तितका क्रांतिक आकार लहान व केंद्रनिर्मिती सुलभ.

१९५० च्या सुमारास अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड टर्नबुल यांनी वितळलेल्या धातूंचे अतिसूक्ष्म थेंब करून त्यांच्या अतिशीतनाचा अभ्यास केला. धातूचे असंख्य थेंब केले, की बाहेरील कण काही मोजक्या थेंबांतच अडकतात व उरलेले थेंब निर्भेळ राहतात. अशा थेंबांचे तापमान केल्व्हिनमधील द्रवांकाच्या सुमारे १८ टक्क्यांइतके खाली उतरवता येते, असे या प्रयोगांतून दिसले. प्रत्यक्ष ओतकामात मात्र काही अंशांचे अतिशीतनही पुरते. कारण साच्याची भिंत, रसातील ऑक्साइडचे कण किंवा मुद्दाम मिसळलेले सूक्ष्म कण यांवर स्फटिकाला आयता आधार मिळतो.

या तत्त्वाचा उपयोग कण बारीक करण्यासाठी केला जातो. ॲल्युमिनियमच्या रसात सुमारे ५ टक्के टायटॅनियम व १ टक्का बोरॉन असलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू अल्प प्रमाणात घालतात. त्यातील टायटॅनियम बोराइडचे कण केंद्रांचे काम करतात, तर रसात विरघळलेले टायटॅनियम स्फटिकांची वाढ रोखून नव्या केंद्रांना अवसर देते. केंद्रे जितकी अधिक, तितके स्फटिक संख्येने जास्त व आकाराने लहान होतात.

आघाडीची अस्थिरता

स्फटिककेंद्र निर्माण झाल्यावर घन आणि द्रव यांच्यामधील सीमा पुढे सरकू लागते. ही सीमा सपाट राहती, तर धातूची रचना अगदी साधी झाली असती. परंतु मिश्रधातूत ती क्वचितच सपाट राहते. सीमेने ढकललेले मूलद्रव्य तिच्या लगतच्या द्रवात साचते. त्यामुळे तेथील द्रवाचा गोठणबिंदू खाली जातो. थोड्या अंतरावरचा द्रव मात्र मूळ संघटनाचा असल्याने त्याचा गोठणबिंदू वरच असतो. परिणामी सीमेपासून थोडा दूरचा द्रव तापमानाने किंचित अधिक उष्ण असूनही गोठण्यास अधिक उत्सुक असतो. सीमेवर योगायोगाने उठलेला एखादा उंचवटा या भागात शिरला, की तो शेजाऱ्यांपेक्षा वेगाने वाढतो आणि आघाडी मोडते.

या घटनेस संघटनजन्य अतिशीतन म्हणतात. तिची मांडणी टिलर, जॅक्सन, रटर व चामर्स यांनी १९५३ मध्ये केली. तिच्यावरून एक उपयुक्त निकष मिळतो. सीमेपुढील द्रवातील तापमानाचा उतार आणि सीमेच्या सरकण्याचा वेग यांचे गुणोत्तर पुरेसे मोठे असेल तर आघाडी सपाट राहते. ते कमी होत गेल्यास आघाडीवर प्रथम मधाच्या पोळ्यातील घरांसारखे उंचवटे उमटतात आणि पुढे त्यांना फांद्या फुटतात. मिसळलेल्या मूलद्रव्याचे प्रमाण जितके अधिक, तितकी ही अस्थिरता लवकर येते.

उंचवटा अमर्याद बारीक का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर मलिन्स व सेकेर्का यांनी १९६३-६४ मध्ये दिले. अणकुचीदार टोकाला पृष्ठऊर्जेचा भार अधिक सोसावा लागतो व तेथील गोठणबिंदू किंचित उतरतो. द्रव्याचे विसरण उंचवट्याला पुढे नेते, तर पृष्ठऊर्जा त्यास मागे ओढते. या ओढाताणीतून उंचवट्यांमधील अंतर ठरते.

डेंड्राइट

फांद्या फुटलेल्या स्फटिकास डेंड्राइट म्हणतात. हा शब्द झाड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मुख्य खोड, त्यातून फुटलेल्या दुय्यम शाखा आणि त्यांना फुटलेल्या उपशाखा असे त्याचे रूप असते. शाखांच्या दिशा मात्र स्वैर नसतात. ॲल्युमिनियम, तांबे, लोखंड यांसारख्या घनाकृती जालक असलेल्या धातूंत खोड व शाखा घनाच्या कडांना समांतर वाढतात, त्यामुळे शाखा खोडाशी काटकोन करतात. बहुसंख्य औद्योगिक मिश्रधातूंचे पहिले स्फटिक डेंड्राइट रूपातच वाढतात.

डेंड्राइट सहसा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. घरांच्या छपरांवर मात्र या वाढीची खूण उघड्या डोळ्यांना पाहता येते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पारंपरिक पत्र्यावर फुलांसारखी किंवा हिमकणांसारखी नक्षी असते. त्यातील प्रत्येक फूल म्हणजे एका केंद्रापासून चहूकडे पसरलेला जस्ताचा एक कण होय. जस्ताच्या कुंडात शिसे किंवा अँटिमनी अल्प प्रमाणात असल्यास ही फुले मोठी होतात; शिसेविरहित कुंडातील नव्या पत्र्यांवर ती अगदी बारीक असतात. मोठ्या डेंड्राइटचे प्रसिद्ध उदाहरण रशियन धातुतज्ज्ञ दिमित्री चेर्नोव्ह यांच्या संग्रहातील आहे. पोलादाच्या प्रचंड ठोकळ्यात आकुंचनामुळे पडलेल्या पोकळीत मिळालेला हा स्फटिक सुमारे ३९ सेंटिमीटर लांब आहे.

दुय्यम शाखांमधील अंतर ही ओतकामातील महत्त्वाची मोजणी आहे. आरंभी शाखा अनेक व बारीक असतात. घनीभवन चालू असताना लहान शाखा पुन्हा विरघळतात आणि मोठ्या शाखा त्यांच्या जिवावर जाड होतात. जितका वेळ घन आणि द्रव एकत्र राहतात, तितका हा व्यवहार चालतो. त्यामुळे शाखांतर गोठण्यास लागलेल्या वेळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. वेळ आठपट झाला तर अंतर दुप्पट होते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत हे अंतर धातूच्या साच्यात दाबाने ओतलेल्या पातळ भागात सुमारे १० मायक्रोमीटर, तर वाळूच्या साच्यातील जाड भागात १०० मायक्रोमीटरच्या आसपास असू शकते. अंतर जितके कमी, तितकी वस्तू सामान्यतः बळकट व चिवट असते. तुटलेल्या भागातील शाखांतर मोजून तो भाग किती वेळात गोठला असावा याचा अंदाज बांधता येतो. अपयशाच्या तपासात या मोजणीला पुराव्याचे स्थान असते.

घटकांची विषम वाटणी

डेंड्राइटच्या फांद्यांचा गाभा आधी आणि बाहेरचे थर नंतर गोठतात. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मिसळलेल्या मूलद्रव्याने अधिक समृद्ध द्रवातून तयार होतो. घनातील विसरण द्रवातील विसरणाच्या तुलनेत हजारो पटींनी मंद असल्यामुळे ही विषमता मिटण्यास वेळ मिळत नाही. परिणामी शाखेच्या गाभ्याचे व कडेचे संघटन भिन्न राहते.

४.५ टक्के तांबे असलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. त्यातील पहिल्या घन भागात जेमतेम ०.८ टक्के तांबे असते. उरलेल्या द्रवात तांबे वाढत जाऊन शेवटी सुमारे ३३ टक्क्यांवर पोहोचते आणि तो द्रव ५४८° से. तापमानाला गोठतो. अतिशय सावकाश, समतोल राखून घनीभवन झाले असते तर हा शेवटचा द्रव उरलाच नसता; कारण त्या तापमानाला घन ॲल्युमिनियम साडेपाच टक्क्यांपेक्षा थोडे अधिक तांबे सामावून घेऊ शकते. वाटणीचा हिशेब मांडणारे शाइल समीकरण मात्र अशा द्रवाचे प्रमाण सुमारे ९ टक्के असल्याचे दाखवते, आणि प्रत्यक्ष ओतीव धातूतही असा भाग आढळतो. तो डेंड्राइटच्या शाखांमध्ये ठिसूळ जाळ्याच्या रूपाने राहतो. ही विषमता कमी करण्यासाठी ओतीव ठोकळे द्रवांकाहून कमी तापमानाला कित्येक तास तापवून ठेवतात. शाखा बारीक असतील तर अणूंना कमी अंतर कापावे लागते व हे काम लवकर उरकते.

यूटेक्टिक वाढ

काही विशिष्ट संघटनाचे मिश्रधातू पट्ट्यात न गोठता एकाच तापमानाला गोठतात आणि त्यांतून दोन वेगळ्या प्रावस्था एकाच वेळी वाढतात. अशा मिश्रधातूस यूटेक्टिक म्हणतात. सुमारे ६२ टक्के कथील व ३८ टक्के शिसे असलेला डाख १८३° से. तापमानाला एकदम गोठतो. विजेच्या जोडकामात असाच डाख वापरला जातो, कारण तो लगदा अवस्थेत रेंगाळत नाही.

यूटेक्टिक वाढीत शिसे व कथील यांचे पातळ थर आळीपाळीने शेजारी शेजारी वाढतात. शिशाच्या थराने ढकललेले कथील शेजारच्या कथिलाच्या थराला आणि कथिलाच्या थराने ढकललेले शिसे शिशाच्या थराला उपयोगी पडते. थर बारीक असतील तर अणूंचा प्रवास कमी होतो, पण थरांमधील सीमांची संख्या व पृष्ठऊर्जा वाढते. या दोहोंच्या तडजोडीतून थरांची जाडी ठरते. जॅक्सन व हंट यांनी १९६६ मध्ये दाखवल्याप्रमाणे थरांतील अंतराचा वर्ग आणि वाढीचा वेग यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर असतो. म्हणजे वेग चौपट केला तर अंतर निम्मे होते.

प्रत्येक यूटेक्टिक असा नेटका नसतो. ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या यूटेक्टिकात सिलिकॉन जाड, टोकदार पात्यांच्या रूपाने वाढते व वस्तू ठिसूळ होते. अलादार पाक्झ यांनी १९२० च्या सुमारास अत्यल्प सोडियमने ही पाती बारीक तंतूंच्या रूपात बदलता येतात हे दाखवले. आता या कामासाठी स्ट्राँशियमचाही वापर होतो. मोटारींच्या इंजिनांच्या अनेक भागांत हा मिश्रधातू वापरतात.

बीड व ग्रॅफाइटचे रूप

लोखंडात सुमारे ४.३ टक्के कार्बन असता त्याचे यूटेक्टिक तयार होते आणि ते सुमारे ११५०° से. तापमानाला गोठते. या यूटेक्टिकाची विशेषता अशी, की त्यातील कार्बनला दोन वाटा मोकळ्या असतात. रस सावकाश थंड झाला, त्यात सिलिकॉन पुरेसे असले आणि केंद्रे भरपूर मिळाली तर कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. अशा बिडाचा भंग करड्या रंगाचा दिसतो, म्हणून त्यास करडे बीड म्हणतात. रस फार वेगाने थंड झाला तर कार्बन लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट हे अतिशय कठीण व ठिसूळ संयुग बनते आणि भंग पांढरा दिसतो. एकाच वस्तूचा जाड भाग करडा आणि पातळ कड पांढरी निघू शकते. पांढरी कड इतकी कठीण असते की लेथवरील कापण्याचे हत्यार तिच्यावर बोथट होते.

कोल्हापूरजवळील शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती आणि बेळगावातील उद्यमबाग येथे बिडाच्या ओतकामाचे अनेक कारखाने आहेत. मोटारी, ट्रॅक्टर, पंप व इंजिने यांचे भाग तेथे ओतले जातात. अशा ओतकामात रस साच्यात ओतण्यापूर्वी फेरोसिलिकॉनची बारीक पूड अल्प प्रमाणात मिसळतात. त्यामुळे ग्रॅफाइटला केंद्रे मिळतात. परंतु हा परिणाम काही मिनिटांतच ओसरू लागतो. रस फार वेळ ताटकळत राहिला तर रासायनिक विश्लेषण अचूक असूनही वस्तू पांढरी निघण्याचा संभव असतो. रसाची ही प्रवृत्ती ताडण्यासाठी पाचरीच्या आकाराचा एक लहान नमुना ओतून, गार करून तोडतात. पाचरीच्या टोकाशी पांढरा भाग किती रुंद आहे यावरून रसाची पारख होते.

पाती व पापुद्रे यांच्या टोकांशी ताण एकवटतो, म्हणून करडे बीड ओढ सोसण्यात दुबळे असते. भारतीय मानक २१० मध्ये त्याच्या प्रती दिलेल्या आहेत. उदाहरणार्थ, एफजी २६० या प्रतीच्या बिडाचे ताणबळ किमान २६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावे लागते. कीथ मिलिस यांनी १९४३ मध्ये रसात थोडे मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात वाढवता येते हे शोधून काढले व त्याचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले. अंतिम धातूत सुमारे ०.०३ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम उरले तरी पुरते. गोलाकार ग्रॅफाइटपाशी ताण एकवटत नाही, त्यामुळे असे बीड तुटण्यापूर्वी बरेच ताणले जाते. कार्बनचे प्रमाण जवळजवळ तेच ठेवून केवळ त्याच्या स्फटिकाचे रूप बदलल्याने ठिसूळ धातू चिवट झाला, याचे हे ठळक उदाहरण होय.

ओतीव लादीतील कणरचना

साच्यात ओतलेल्या रसाचा आडवा छेद घेतला तर सामान्यतः तीन पट्टे दिसतात. थंड भिंतीलगत असंख्य केंद्रे एकदम निर्माण झाल्याने बारीक कणांचा पातळ थर असतो. त्यातील ज्या स्फटिकांच्या वाढीची दिशा उष्णतेच्या प्रवाहाशी जुळते ते शेजाऱ्यांना मागे टाकून आत वाढत जातात. हा लांबट, खांबांसारख्या कणांचा पट्टा होय. मध्यभागी सर्व दिशांनी सारखे वाढलेले कण असतात. डेंड्राइटच्या तुटलेल्या शाखा प्रवाहाबरोबर वाहत येऊन या मधल्या कणांची केंद्रे बनतात.

तळोजा येथील औद्योगिक वसाहतीत हिंडाल्कोचा, म्हणजे पूर्वीच्या इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा, पत्रे तयार करणारा कारखाना आहे. ॲल्युमिनियमचे पत्रे लाटण्यासाठी लागणाऱ्या जाड लाद्या जगभर मुख्यतः अर्धसंतत पद्धतीने ओतल्या जातात. तळाशी उघड्या असलेल्या साच्यातून लादी हळूहळू खाली सरकते आणि तिच्या अंगावर पाण्याचे फवारे पडतात. भट्टीतून साच्याकडे जाणाऱ्या पन्हळीतील रसात टायटॅनियम व बोरॉन असलेली तार सतत सोडली जाते. लादीत लांबट कण राहिले तर ओतताना तडे जाण्याची व लाटताना पत्रा असमान होण्याची भीती असते. म्हणून सर्वत्र बारीक, समाकार कण असावेत असा प्रयत्न असतो.

पोलादाच्या बाबतीत लादीची जाडी निर्णायक ठरते. डोलवी येथील कारखाना इस्पात इंडस्ट्रीज या कंपनीने उभारला व पुढे तो जेएसडब्ल्यू समूहाकडे आला. तेथे पातळ लादी ओतून ती लगेच लाटण्याची पद्धत वापरली जाते. पारंपरिक लादी २०० ते २५० मिलिमीटर, तर पातळ लादी साधारणतः ५० ते ९० मिलिमीटर जाड असते. च्वोरिनोव्ह यांच्या १९४० मधील नियमानुसार गोठण्याचा काळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २५० ऐवजी ५० मिलिमीटर जाडी ठेवली तर काळ सुमारे पंचविसाव्या हिश्श्यावर येतो आणि घनमुळाच्या नियमाने शाखांतर सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर. हा हिशेब ढोबळ असला तरी पातळ लादीतील घटकांची विषम वाटणी आटोपशीर अंतरात का राहते, हे त्यावरून समजते.

घनीभवनातून उद्भवणारे दोष

बहुतेक धातू गोठताना आकुंचन पावतात. ॲल्युमिनियमचे आकारमान सुमारे ६.५ टक्क्यांनी घटते. ही तूट भरून काढण्यासाठी साच्यावर अधिक रसाचा साठा ठेवतात, त्यास रायझर म्हणतात. वस्तू आधी आणि रायझर शेवटी गोठला पाहिजे, अन्यथा पोकळी वस्तूतच राहते. डेंड्राइटच्या शाखा एकमेकींत गुंतल्यावर त्यांच्यामधून रस झिरपणे कठीण होते आणि शाखांच्या दरम्यान सूक्ष्म छिद्रे उरतात. गोठण्याच्या अखेरीस, शाखांमध्ये द्रवाचे पातळ पापुद्रे शिल्लक असताना, वस्तूवर ओढ आली तर ती त्या पापुद्र्यांवरच उकलते. अशा तड्यांना उष्ण तडे म्हणतात.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत हायड्रोजन हा विशेष उपद्रवी वायू आहे. द्रवांकाला द्रव ॲल्युमिनियम घनाच्या सुमारे वीसपट हायड्रोजन सामावून घेते. गोठताना हा वायू बाहेर पडून छिद्रे निर्माण करतो. त्याचा मुख्य उगम पाण्याच्या वाफेत असतो. म्हणून कोकणासारख्या दमट हवामानात, विशेषतः पावसाळ्यात, भंगार व हत्यारे कोरडी करून वापरणे आणि ओतण्यापूर्वी रसातून निष्क्रिय वायू सोडून हायड्रोजन काढणे अगत्याचे असते. या दोषांपैकी अनेक दोष गुळगुळीत पृष्ठभागाखाली दडलेले असतात. भार वारंवार पडत राहिला की त्यांपासून भेग सुरू होते. त्यामुळे ज्यांच्यावर माणसांची सुरक्षितता अवलंबून आहे अशा भागांची क्ष-किरणांनी किंवा श्राव्यातीत ध्वनीने तपासणी केली जाते.

दिशाबद्ध व अतिजलद घनीभवन

कणांच्या सीमा सामान्य तापमानाला बळ वाढवतात, परंतु अतिउच्च तापमानाला त्याच दुबळ्या ठरतात. विमानांच्या जेट इंजिनातील पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात व त्यांना तप्त वायूंच्या झोतात फिरताना प्रचंड ओढ सोसावी लागते. म्हणून साचा भट्टीतून एका दिशेने सावकाश बाहेर काढून सर्व कण पात्याच्या लांबीला समांतर वाढवतात. साच्याच्या तळाशी पिळाच्या आकाराचा अरुंद मार्ग ठेवला तर त्यातून एकच स्फटिक पुढे जातो आणि संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे बनते. हैदराबाद येथील संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने असे तंत्र विकसित केले असून २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० एकस्फटिकी पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडला पुरवण्यात आली.

याच्या अगदी उलट टोकाला अतिजलद घनीभवन आहे. १९६० मध्ये पोल ड्युवेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांचा रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंश इतक्या वेगाने थंड केला. अणूंना स्फटिकात बसण्यास अवधीच न मिळाल्याने काचेसारखी अस्फटिकी रचना तयार झाली.

अभ्यासाचा इतिहास

धातू ओतण्याची कला शास्त्रापेक्षा फार जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेला रथ, हत्ती, गेंडा व म्हैस हे भरीव ओतीव शिल्पसमूह तिच्या प्राचीनतेची साक्ष देतात. धातूच्या अंतर्रचनेचा शास्त्रीय अभ्यास मात्र १८६३ च्या सुमारास सुरू झाला. शेफील्ड येथील हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी पोलादाचा पृष्ठभाग घासून, आम्लाने कोरून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आजही धातूचे नमुने मुळात याच रीतीने तपासले जातात.

धातू अपारदर्शक असल्यामुळे वाढणारा स्फटिक प्रत्यक्ष पाहता येत नाही, ही अभ्यासातील मोठी अडचण होती. जॅक्सन व हंट यांनी १९६५ मध्ये काही पारदर्शक सेंद्रिय पदार्थ धातूंप्रमाणेच गोठतात हे दाखवून ती दूर केली. त्यांपैकी सक्सिनोनायट्राइल या पदार्थाच्या डेंड्राइटांचा अभ्यास मार्टिन ग्लिक्समन यांनी पुढे नेला. गुरुत्वामुळे द्रवात उठणारे प्रवाह टाळण्यासाठी १९९४, १९९६ व १९९७ मध्ये त्यांचे प्रयोग अमेरिकेच्या अंतराळयानांतून करण्यात आले. डेंड्राइटच्या टोकाचा आकार अन्वस्ताभासारखा असतो, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ इवान्त्सोव्ह यांनी १९४७ मध्ये गणिताने मांडले होते. त्या सिद्धांताची बारकाईने पारख या प्रयोगांत झाली.

१९९० च्या दशकापासून संगणकावर डेंड्राइट वाढवून पाहण्याच्या पद्धती विकसित झाल्या. कोबायाशी यांचे १९९३ मधील काम या बाबतीत मार्गदर्शक ठरले. तीव्र क्ष-किरणांच्या साहाय्याने आता वितळलेल्या धातूतील स्फटिकांची वाढही प्रत्यक्ष टिपता येते. धातूची पूड लेसरने थरावर थर वितळवून वस्तू घडवण्याच्या त्रिमितीय मुद्रणात रसाचा प्रत्येक ठिपका क्षणार्धात गोठतो. तेथेही स्फटिककेंद्रे, आघाडीची अस्थिरता व घटकांची वाटणी हेच प्रश्न नव्या वेगाने सोडवावे लागतात.